सोनोग्राफीत ‘फायब्रोसिस’ लिहून आले, आता काय? लॅब्राडॉरच्या यकृताविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांची लॅब्राडॉर मादी. तीन महिन्यांत वजन २८ किलोवरून २५ वर आले. खाणे कमी झाले, सकाळी कधीकधी पिवळट उलटी, पाणी पूर्वीपेक्षा जास्त पिते. एसजीपीटी (काही लॅब यालाच एएलटी म्हणतात) ४१२, अल्कलाइन फॉस्फटेज २६०, अल्ब्युमिन २.९, बिलिरुबिन ०.४. दोन महिने लिव्हर टॉनिक आणि अर्सोची (अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची) गोळी दिल्यावर एसजीपीटी ३८०. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘यकृताचा पोत खरबरीत, फायब्रोसिसची शक्यता’. विचारले आहे की फायब्रोसिस बरा होतो का, बायोप्सी (यकृताचा तुकडा काढून तपासणे) खरेच करावी लागते का, आणि खायला काय द्यावे.

सर्वात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. फायब्रोसिस हा मूळ आजार नव्हे. यकृताला कशाने तरी सतत इजा होत असते आणि ती भरून काढताना तिथे तंतू साचत जातात, तो फायब्रोसिस. त्यामुळे ‘फायब्रोसिसवर औषध कोणते’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न, इजा कशाने होते आहे. तुमच्या कुत्रीत ती अजून थांबलेली नाही, हे तिचे दोन रिपोर्टच सांगतात. कुत्र्याच्या रक्तातले एसजीपीटी साधारण अडीच दिवसांत निम्मे होते. एकदाच काहीतरी विषारी खाल्ले आणि यकृत दुखावले, असे असते तर दोन-तीन आठवड्यांत आकडा नॉर्मलजवळ आला असता. दोन महिन्यांनी तो ३८० वर आहे, याचा अर्थ पेशी रोज नव्याने फुटत आहेत. कारण सापडत नसताना दोन महिने वाढलेले राहिलेले एसजीपीटी हे क्रॉनिक हिपॅटायटिस (यकृताचा दीर्घकाळचा दाह) समजून पुढचा तपास करण्याचे ठोस कारण आहे.

आकडे वाचताना होणारी गल्लत

एसजीपीटी यकृताचे काम मोजत नाही, इजा मोजते. ४०० असलेले कुत्रे २०० वाल्यापेक्षा दुप्पट आजारी असते असे नाही. उलट शेवटच्या टप्प्यात, जेव्हा फुटायला पेशीच फारशा उरत नाहीत, तेव्हा हा आकडा खाली येतो आणि घरातल्यांना वाटते की गुण आला. म्हणून एसजीपीटी उतरले की त्याच रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, युरिया, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन पाहायचे. हे पदार्थ यकृत बनवते किंवा निकाली काढते. एसजीपीटी उतरतेय आणि त्याच वेळी अल्ब्युमिन, युरिया, कोलेस्टेरॉलही खाली सरकत आहेत, तर ती सुधारणा नव्हे. यकृताची राखीव ताकद प्रचंड असते. बहुतांश यकृत निकामी होईपर्यंत अल्ब्युमिन टिकून राहते, त्यामुळे २.९ हा आकडा चांगला असला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

अल्कलाइन फॉस्फटेजचे कुत्र्यांत वेगळेच असते. स्टिरॉइडमुळे वाढणारा त्याचा एक खास प्रकार फक्त कुत्र्यांत आढळतो. कानाचे थेंब, खाजेची इंजेक्शने, त्वचेची मलमे यांतल्या स्टिरॉइडनेही हा आकडा वर जातो. कुशिंग्जमध्ये (शरीरातच स्टिरॉइड जास्त बनण्याच्या आजारात) जातो, फिटसाठीच्या फिनोबार्बिटोनने जातो, वाढत्या पिल्लांत हाडांमुळे जातो. फॉस्फटेज हजाराच्या वर, एसजीपीटी जेमतेम वाढलेले, पाणी भरपूर, पोट सुटलेले आणि भूक जबर असेल तर आधी कुशिंग्ज तपासावा. तुमच्या कुत्रीचे चित्र उलटे आहे. एसजीपीटी जास्त, फॉस्फटेज त्यामानाने कमी, भूक मंद. इजा यकृताच्या पेशींनाच होत आहे.

ती पाणी जास्त पिते, या ओळीवर मी थांबलो. लॅब्राडॉरमध्ये तांबे साठून होणारा हिपॅटायटिस असेल तर कधीकधी मूत्रपिंडाच्या नलिकाही बिघडतात आणि रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर उतरते. लघवीची पट्टी काही रुपयांची असते. सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरून ती तपासा आणि त्याच दिवशी रक्तातली साखर बघा. लघवीत साखर आणि रक्तात नाही, असे निघाले तर तांब्याचा संशय एकदम बळावतो.

तांबे: लॅब्राडॉरमध्ये हे आधी शोधायचे

खाण्यातून आलेले तांबे यकृतात जाते आणि नको असलेले पित्तावाटे बाहेर पडते. ही बाहेर टाकण्याची यंत्रणा बिघडली की ते पेशीत साठते, पेशी जाळते, दाह सुरू होतो आणि मागोमाग तंतू येतात. बेडलिंग्टन टेरिअरमध्ये हा दोष कॉम-डी-१ नावाच्या जनुकातला तुकडा गळाल्याने होतो. लॅब्राडॉरमध्ये २०१६ साली एटीपी-७-बी या जनुकातला बदल तांबे वाढवणारा म्हणून, तर एटीपी-७-ए मधला बदल त्याला थोडा आवर घालणारा म्हणून पुढे आला. माणसांतल्या विल्सन्स आजाराचे जनुकही एटीपी-७-बीच. मध्यमवयीन लॅब्राडॉर माद्यांत हा आजार जास्त दिसतो. डॉबरमन, डाल्मेशियन आणि वेस्ट हायलँड टेरिअर याही त्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जाती आहेत.

आपल्याकडच्या घरांतल्या दोन सवयी इथे आड येतात. कुत्रे अशक्त झाले, हिमोग्लोबिन कमी आले की बकऱ्याची कलेजी आणि रक्तवाढीचे सिरप सुरू होते. बकऱ्या-मेंढ्यांच्या कलेजीत कोंबडीच्या कलेजीच्या कितीतरी पट तांबे असते, आणि रक्तवाढीच्या अनेक सिरपांत लोहाबरोबर तांबेही घातलेले असते. ‘मल्टिमिनरल’ पावडरींचे तसेच. बाटलीवरची घटकांची यादी वाचा. कॉपर सल्फेट, कॉपर ग्लुकोनेट असे काहीही दिसले तर आजच बंद करा. दुसरी सवय तांब्याच्या पिंपातले किंवा कळशीतले पाणी. माणसांसाठी तुम्ही ठेवा, पण हिच्या भांड्यात स्टीलमधले पाणी घाला.

बायोप्सीआधी काढून टाकायच्या शक्यता

महाराष्ट्रात कुत्र्याचे एसजीपीटी वाढले की गोचीड ताप आणि लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) या दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एर्लिकिया आणि बबेशिया हे गोचिडांतून येणारे दोन्ही जंतू यकृताचे आकडे हलवतात. सोबत प्लेटलेट्स कमी, हिमोग्लोबिन घसरलेले, प्लीहा मोठी असे काही असेल तर आधी त्यांचा माग काढा. एर्लिकिया पक्का झाला तर डॉक्सिसायक्लिन रोज किलोला १० मिग्रॅ, पूर्ण २८ दिवस. गोळी अन्नाबरोबर द्यायची आणि वर पाणी पाजायचे, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. बरे वाटले म्हणून दहाव्या दिवशी थांबवू नये. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणारी, उंदीर धरणारी कुत्री असेल तर लेप्टोची पीसीआर आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून निकाल येईपर्यंत तिची लघवी हातमोजे घालूनच साफ करा.

औषधांची यादी तर प्रत्येक मालकाने प्रामाणिकपणे लिहून काढावी. लॅब्राडॉरचे सांधे दुखतात, म्हणून कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम चालू असते आणि ते ‘यकृताचे औषध’ नसल्याने कोणी सांगत नाही. कार्प्रोफेनने यकृताला इजा होण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत आणि त्यांत लॅब्राडॉर ठळकपणे होते. केटोकोनॅझोल, फिनोबार्बिटोन, अ‍ॅझाथायोप्रिन, सल्फा गटातली प्रतिजैविके हीही त्या यादीत येतात. घरातले पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कोणी ‘अर्धीच गोळी’ म्हणून दिले असेल तर तेही सांगा.

आणि बुरशी. मका, शेंगदाणा, पेंड आणि ओलसर राहिलेले कोरडे खाद्य यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन तयार होते. उकळल्याने, भाजल्याने ते जात नाही. शिळ्या भाकरीचा बुरशीचा भाग काढून उरलेली कुत्र्याला घालणे म्हणजे त्याला तेच विष थोडे थोडे देणे. कोरड्या खाद्याची मोठी गोणी पावसाळ्यात घेऊच नका. जेवढे महिनाभरात संपेल तेवढेच आणा आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

यानंतर पित्ताम्ल चाचणी, म्हणजे रक्तातली पित्ताम्ले मोजणे. रात्रभर उपाशी ठेवून एक नमुना, मग थोडे स्निग्ध अन्न देऊन बरोबर दोन तासांनी दुसरा. दोन्हींपैकी एकही २५ ते ३० मायक्रोमोलच्या वर गेला तर यकृताचे काम किंवा त्याच्याकडचा रक्तप्रवाह बिघडला आहे. कावीळ दिसत असेल तर या चाचणीवर पैसे घालवू नका, पित्त तुंबल्याने ती वाढलेलीच येणार. तुमच्या कुत्रीचे बिलिरुबिन नॉर्मल आहे, म्हणून तिला ही चाचणी उपयोगाची.

बायोप्सी का, आणि कशी

सोनोग्राफी फायब्रोसिस दाखवू शकत नाही. ती यकृताचा आकार, गाठी, पित्ताशय, नसा आणि पोटातले पाणी दाखवते, आणि त्यासाठी ती हवीच. पण पोत खरबरीत दिसायला चरबी, दाह, गाठी, तंतू यांपैकी काहीही पुरते. उलट बाजूने, क्रॉनिक हिपॅटायटिस असलेल्या कुत्र्याचे यकृत सोनोग्राफीत अगदी नॉर्मलही दिसू शकते. बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी लिम्फोमासारखा कर्करोग किंवा पेशी फुगलेल्या असणे दाखवते, तंतू आणि त्यांची रचना नाही. त्यामुळे ‘सुईने तपासले, काही नाही’ यावर विसंबू नका.

माझे मत स्पष्ट आहे. या कुत्रीची बायोप्सी करावी, आणि आत्ता करावी. अल्ब्युमिन चांगले आहे, पोटात पाणी नाही, कावीळ नाही. भूल आणि रक्तस्राव यांचा धोका सर्वांत कमी असलेला हा काळ आहे. पोटात पाणी आल्यावर हीच बायोप्सी धोक्याची होते आणि तिच्यातून मिळणाऱ्या उत्तराचा उपयोगही कमी उरतो.

आधी रक्त गोठण्याच्या चाचण्या. पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वरच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत, प्लेटलेट्स निदान ८० हजारांच्या वर, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) ३० च्या वर हवा. पीटी लांबलेला असेल तर व्हिटॅमिन के-१ किलोला ०.५ ते १.५ मिग्रॅ, त्वचेखाली, दर १२ तासांनी तीन डोस देऊन पुन्हा मोजायचे. शिरेतून देऊ नये, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते. वेदनाशामके आणि अ‍ॅस्पिरिन आधीच थांबवलेले असावे.

पद्धती तीन. दुर्बिणीतून, पोट उघडून, किंवा सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली ट्रू-कट सुईने. दुर्बिणीतून सर्वांत चांगली, कारण यकृत डोळ्यांना दिसते, तुकडे मोठे मिळतात आणि रक्त येत असेल तर तिथेच दाबता येते. सुईनेच करायची असेल तर २५ किलोच्या कुत्र्याला १४ गेजची सुई हवी. १८ गेजच्या बारीक सुईने आलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टला पुरत नाही आणि निदान चुकते. एका जागचा एक तुकडा घेऊन थांबू नये, कारण आजार यकृतभर सारखा पसरलेला नसतो. निदान पाच तुकडे, दोन वेगवेगळ्या खंडांतून.

तुकड्यांची वाटणीही आधी ठरवून ठेवावी. बहुतेक १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात. एक तुकडा फॉर्मलिनशिवाय निर्जंतुक डबीत, कल्चरसाठी. आणि पूर्ण लांबीचे एक-दोन तुकडे कोरड्या स्वच्छ नळीत, तांबे मोजण्यासाठी. बऱ्याचदा चुकते ते इथे. सगळे तुकडे एकाच बाटलीत जातात, रिपोर्ट येतो ‘क्रॉनिक हिपॅटायटिस’ आणि तांब्याचा उल्लेखच नसतो. तसे झाले असेल तर पॅराफिनचा ब्लॉक मागवून त्यावर रोडानाइन हा तांबे दाखवणारा रंग करून घेता येतो, नवी बायोप्सी लागत नाही. नमुना पाठवण्यापूर्वी लॅबला फोन करून विचारा की रोडानाइन आणि मॅसन ट्रायक्रोम (तंतू दाखवणारा रंग) दोन्ही करता का, तांबे मोजता का. मुंबई, पुण्याच्या आसपास असाल तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचे महाविद्यालय इथे चौकशी करणे सोयीचे.

बायोप्सीनंतर पहिले काही तास महत्त्वाचे. हिरड्यांचा रंग, नाडी आणि काही तासांनी पुन्हा पीसीव्ही. रात्रभर दवाखान्यात ठेवणे चांगले.

रिपोर्टमध्ये काय शोधायचे

दाह किती आणि तंतू किती, हे दोन वेगळे आकडे असतात. दाह जास्त आणि तंतू कमी असतील तर उपचाराला वाव मोठा. तंतू एका शिरेपासून दुसऱ्या शिरेपर्यंत पूल बांधू लागले असतील, मध्ये गाठी तयार झाल्या असतील तर तो सिरोसिस. तांब्यासाठी जागा पाहा. खंडिकेच्या (यकृताच्या सूक्ष्म भागाच्या) मध्यशिरेभोवती साठलेले तांबे बहुधा मूळ कारण असते, तर पोर्टल भागाजवळचे (जिथून रक्त खंडिकेत शिरते तिथले) तांबे पित्त तुंबल्याचा परिणाम असू शकते. कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत नॉर्मल, १,००० च्या वर उपचार हवेतच. मधल्या पट्ट्यात जागा आणि दाह पाहून ठरवायचे.

क्वचित असेही निघते की दाह जवळजवळ नाही आणि पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या) फांद्याच जन्मतः अपुऱ्या आहेत. लक्षणे सिरोसिससारखी, पण योग्य सांभाळ केल्यास अशी कुत्री वर्षानुवर्षे जगतात. बायोप्सीशिवाय या दोघांत फरक करता येत नाही, आणि केवळ पोटात पाणी पाहून ‘सिरोसिस आहे, आता काही उरले नाही’ असे सांगितले जाते. हे मला फार खटकते.

तंतू मागे फिरतात का

काही प्रमाणात, हो. यकृतातल्या स्टेलेट पेशी शांत असताना व्हिटॅमिन ए साठवतात. इजा चालू राहिली की त्याच पेशी रूप बदलून कोलॅजन बनवू लागतात. इजा थांबली की त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात किंवा शांत होतात आणि यकृतातली विकरे (एन्झाइम्स) ताजे कोलॅजन विरघळवतात. जुने, घट्ट जुळलेले आणि गाठींना वेढून बसलेले तंतू मात्र सहसा तसेच राहतात. म्हणून कारण लवकर सापडण्याला एवढे महत्त्व.

तंतूंवर थेट काम करणारे असे कोल्चिसिन दिले जाते. कुत्र्यांत त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि उलट्या-जुलाब मात्र होतात. भूक आधीच मंद असलेल्या कुत्रीला ते मी देणार नाही.

कारणानुसार उपचार

तांबे निघाले तर डी-पेनिसिलामीन (तांबे बांधून शरीराबाहेर काढणारे औषध), किलोला १० ते १५ मिग्रॅ दर १२ तासांनी. २५ किलोला २५० मिग्रॅची एक कॅप्सूल सकाळी आणि एक संध्याकाळी. रिकाम्या पोटी, जेवणाच्या किमान अर्धा ते एक तास आधी. अन्नाबरोबर दिले तर शोषण खूप घटते. उलटी हा नेहमीचा त्रास. पहिला आठवडा एकच वेळ द्यावे, मग दोन वेळा. तरीही उलटी झाली तर अगदी चमचाभर भाताबरोबर. दही, दूध किंवा लोह-झिंकची गोळी त्या वेळी नको. सोबत व्हिटॅमिन बी-६. महिन्याला रक्ताची मोजणी, एसजीपीटी आणि लघवीतले प्रोटीन. काही कुत्र्यांत मूत्रपिंडातून प्रोटीन जाऊ लागते, तसे दिसल्यास थांबवून डॉक्टरांशी बोला. कालावधी साधारण सहा ते नऊ महिने, सुरुवातीचे तांबे किती होते त्यावर. बेमुदत चालू ठेवू नये. तांबे गरजेपेक्षाही कमी झाले तर रक्तक्षय, उलट्या आणि वजन घटणे सुरू होते, आणि ते मूळ आजारच वाढला असे समजून डोस वाढवण्याची चूक होते.

झिंक आतड्यातच तांबे अडवते, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून ते पेनिसिलामीन संपल्यावर, राखण म्हणून. दोन्ही एकाच वेळी दिली तर एकमेकांना धरून वाया जातात. रक्तातले झिंक मोजून डोस ठरवायचा. २०० ते ४०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर पुरते, ८०० च्या वर लाल पेशी फुटण्याचा धोका.

तांबे नाही, जंतू नाही, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा दाह आहे, असे निघाले तर प्रेडनिसोलोन रोज किलोला १ ते २ मिग्रॅ, मोठ्या कुत्र्यातही एकूण ४० मिग्रॅच्या वर नाही. एसजीपीटी उतरू लागले की हळूहळू कमी. किंवा सायक्लोस्पोरिन किलोला ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. सायक्लोस्पोरिनचा एक फायदा असा की फॉस्फटेजचा आकडा बिघडत नाही, त्यामुळे पाठपुरावा सोपा जातो. बायोप्सी न करता ‘पाहू लागू पडतेय का’ म्हणून स्टिरॉइड देण्याला माझा विरोध आहे. पोटात पाणी असेल तर ते वाढते, जठरात व्रण होऊन रक्त जाते, लपलेला जंतुसंसर्ग उफाळतो. आणि तांब्याचा आजार असेल तर खरे कारण तसेच मागे राहते.

सोबतीची औषधे: अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल रोज किलोला १० ते १५ मिग्रॅ, जेवणाबरोबर. ३०० ची एक गोळी तुमच्या कुत्रीला बसते, चालू ठेवा. पित्तनलिका पूर्ण बंद असेल तर मात्र ते देऊ नये. सॅमी (एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन) किलोला २० मिग्रॅ, रिकाम्या पोटी, गोळी न तोडता, कारण वरचे आवरण गेले की जठरात नासते. व्हिटॅमिन ई किलोला १० युनिट. ही सगळी हातभार लावतात. लिव्हर टॉनिकही घातक नाही, पण दोन महिने फक्त तेवढ्यावर काढणे म्हणजे बायोप्सीसाठी चांगला असलेला काळ घालवणे.

खायला काय

यकृताचा आजार म्हटले की प्रोटीन बंद करून नुसता दही-भात सुरू होतो. हे नुकसान करते. दुखावलेल्या यकृताला नव्या पेशी बांधायला प्रोटीन लागते, आणि अमोनियाचा बराच भाग स्नायू पचवतात. स्नायू झिजले की अमोनिया वाढतोच. मेंदूवर परिणाम दिसत नसेल तर प्रोटीन कमी करायचे नाही. तुमची कुत्री तीन किलो उतरलीच आहे.

२५ किलोसाठी दिवसाला साधारण १,१०० ते १,२०० कॅलरी. घरचा अंदाज असा: कच्चा पांढरा तांदूळ १५० ग्रॅम, कातडी काढलेले चिकन कच्चे २०० ग्रॅम, दोन अंडी, दही १०० ग्रॅम, तेल किंवा तूप दोन-तीन चमचे, थोडा लाल भोपळा किंवा दुधी. यातून ७० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळते. दिवसाला तीन-चार वेळा वाटून द्या, आणि एक वाटा रात्री झोपण्यापूर्वी, म्हणजे सकाळची पित्ताची उलटीही कमी होते. कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड अर्धा चमचा. असा आहार महिनोन्‌महिने द्यायचा तर जीवनसत्त्वे आणि झिंक अपुरी पडतात, म्हणून तांबे नसलेले पूरक डॉक्टरांकडून लिहून घ्या. तयार खाद्य हवे तर यकृतासाठीची कमी तांब्याची पथ्यखाद्ये मिळतात, पण त्यांत प्रोटीन जरा कमी असते. वर अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीर घालता येते.

कलेजी, गुर्दा, शिंपल्या, खेकडे, मशरूम, काजू-शेंगदाणे, तीळ, चॉकलेट बंद. कडधान्यांतही तांबे बरेच असते, म्हणून वरण रोज वाटीभर नको.

पोटात पाणी आणि मेंदूवर परिणाम

यकृत कडक झाले की आतड्याकडून येणारे रक्त आत शिरत नाही. पाटात गाळ साचला की पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरते, तसे ते आडवाटांनी थेट मुख्य रक्तप्रवाहात जाते आणि काही पोटात पाझरते. पोटातल्या पाण्यावर स्पायरोनोलॅक्टोन किलोला १ ते २ मिग्रॅ दिवसातून दोनदा. परिणामाला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी डोस वाढवू नका. पुरले नाही तर फ्युरोसेमाइड किलोला १ मिग्रॅ जोडावे. नुसते फ्युरोसेमाइड देऊ नये, पोटॅशियम घसरते आणि त्याने मेंदूचा त्रास वाढतो. आठवड्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघा. सुईने पाणी काढणे फक्त श्वास लागत असेल तर, कारण पाण्याबरोबर प्रोटीनही जाते. मीठ, पापड, बिस्किटे, फरसाण बंद.

जेवणानंतर सुस्त होणे, लाळ गळणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, गोल फिरणे, ही अमोनियाची लक्षणे. लॅक्टुलोज किलोला ०.५ मिलि, दिवसातून दोन-तीनदा. दिवसाला दोन-तीन मऊ शी होतील एवढा डोस जुळवायचा. पातळ जुलाब लागले तर डोस जास्त आहे, आणि शरीरातले पाणी कमी होऊन त्रास वाढेल. मेट्रोनिडाझोल द्यायचे तर कमी मात्रेत, किलोला ७.५ मिग्रॅ दोनदा. या अवस्थेत चिकनऐवजी पनीर, दही, अंडे, सोया चांगले पचतात. बद्धकोष्ठ, जठरातला रक्तस्राव आणि डायझेपाम हे तिन्ही हा झटका आणू शकतात. काळी डांबरासारखी शी, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, हिरड्यांतून रक्त, किंवा २४ तास काहीच न खाणे, यांपैकी एक दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना.

पाठपुरावा आणि तिची पिल्ले

उपचार सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने दर तीन-चार आठवड्यांनी एसजीपीटी, अल्ब्युमिन आणि वजन, मग दर तीन-चार महिन्यांनी. नमुना शक्यतो एकाच लॅबला द्या, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. तांब्याचा आजार असेल तर उपचार संपताना पुन्हा बायोप्सी करून तांबे मोजणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ते जमत नसेल तर एसजीपीटी नॉर्मल राहतेय का यावर लक्ष ठेवायचे. गोळ्या थांबल्या तरी कमी तांब्याचा आहार मात्र कायमचा.

तांबे निघाले तर तिची पिल्ले आणि भावंडे ज्यांच्या घरी आहेत त्यांना कळवा. आजारी लॅब्राडॉरच्या वरून धडधाकट दिसणाऱ्या नातलगांतही यकृतातले तांबे वाढलेले सापडले आहे. त्यांचे एसजीपीटी वर्षातून एकदा तपासावे, कलेजी आणि तांबेयुक्त सिरप आजपासून बंद करावे, आणि आकडा दोनदा वाढलेला आला तर त्यांच्यापासून पैदास घेऊ नये.